'द विझर्ड ऑफ ऑझ' मुलांना दाखवताय? गोव्यातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयात सुट्टीच्या दिवसांत आम्ही मुलांना सिनेमे दाखवतो. 'द विझर्ड ऑफ ऑझ' लावला की आधी आणि नंतर पालकांचे मेसेज येतच राहतात, डिचोलीहून येवोत नाहीतर पेडण्याहून, प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. ज्यांना घरीच दाखवायचाय त्यांनाही उपयोग होईल.

हा नेमका कुठला सिनेमा? नवीन आहे का?

नाही हो, चांगला जुना आहे, १९३९ चा. अमेरिकेतल्या एमजीएम स्टुडिओने काढलेला. मूळ गोष्ट त्याहून जुनी, एल. फ्रँक बॉम या लेखकाने १९०० साली लिहिलेली लहान मुलांची कादंबरी. लांबी एक तास बेचाळीस मिनिटं. डोरोथीचं काम जूडी गार्लंडने केलंय, शूटिंगच्या वेळी ती सोळा वर्षांची होती.

गोष्ट थोडक्यात सांगाल का, मुलांना आधी सांगून ठेवायला?

कॅन्सस नावाच्या सपाट, कोरड्या मुलखात डोरोथी तिच्या मावशीकडे आणि काकांकडे राहते, टोटो नावाचं कुत्रं आहे तिचं. गावातली एक खडूस बाई टोटोला न्यायला येते, डोरोथी घर सोडून पळते, परत येते तोवर वादळ सुटतं आणि वादळात अख्खं घरच उचललं जाऊन ऑझ नावाच्या जादूच्या देशात जाऊन पडतं. तिथून घरी परत यायचं तर पिवळ्या विटांच्या रस्त्याने पाचूनगरीत जाऊन तिथल्या जादूगाराला भेटायला हवं. वाटेत एक बुजगावणं भेटतं त्याला मेंदू हवाय, एक पत्र्याचा माणूस त्याला हृदय हवंय, एक सिंह त्याला धीर हवाय. आणि मागावर एक चेटकीण.

एवढंच सांगा. जादूगार नेमका कोण निघतो ते सांगू नका, प्लीज. पडद्यामागचा तो सीन पहिल्यांदा बघणाऱ्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

सुरुवातीला सगळं तपकिरी दिसतं, आमचा टीव्ही बिघडलाय का? आणि तेवढा भाग पुढे ढकलला तर चालेल का?

टीव्ही ठीक आहे. पुढे ढकलू नका.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिली साधारण वीस मिनिटं, म्हणजे कॅन्ससचा भाग, ब्लॅक अँड व्हाईट फिल्मवर शूट करून नंतर लॅबमध्ये तपकिरी छटा दिलेली आहे. हे मुद्दाम केलंय. मूळ पुस्तकात पहिल्याच प्रकरणात बॉमने लिहिलंय की तिथली जमीन करडी, गवत करडं, घराचा रंग उन्हाने उडून तेही करडं, मावशी आणि काकासुद्धा करडे. तेच सिनेमाने पडद्यावर आणलं. आणि मग घर ऑझमध्ये पडतं, डोरोथी दार उघडते आणि पहिल्यांदा रंग दिसतात.

आता त्या रंगांची मजा कोणाला येणार? जो ती तपकिरी वीस मिनिटं बसून राहिलाय त्याला. मे महिन्याच्या शेवटी आपला सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचं कातळाचं पठार, कसा करपलेला असतो आणि पहिला पाऊस पडून आठवडा झाला की तोच सडा हिरवागार, पण तो हिरवा ज्याने मे बघितलाय त्यालाच खरा कळतो. हल्लीच्या मुलांना जन्मापासून रंगीत स्क्रीन मिळालीय, त्यांना रंग दिसणं ही काही बातमीच नाही. त्यांना ती बातमी वाटायला हवी असेल तर हाच एक उपाय, तपकिरी भाग पूर्ण बघू द्या. 'कंटाळा येतोय' म्हणतील. म्हणू देत. डोरोथीलाही तिथे कंटाळाच आलाय, म्हणून तर ती गाणं म्हणते.

शिवाय पुढच्या गोष्टीचं सगळं बी त्या वीस मिनिटांत पेरलेलं आहे. शेतावरचे तीन गडी नीट बघा, एक जण डोरोथीला सांगतो की डोकं वापर, तुझं डोकं काय पेंढ्याचं नाहीये, तो पुढे पेंढ्याचं बुजगावणं होतो. दुसरा म्हणतो एक दिवस गावात माझा पुतळा उभारतील, आणि पुढे तो गंजून पुतळ्यासारखाच उभा सापडतो, पत्र्याचा माणूस. तिसरा धीटपणाच्या गप्पा मारतो पण डोरोथी डुकरांच्या कुंपणात पडली की तिला बाहेर काढल्यावर स्वतःच लटपटतो, तो सिंह. कुत्रं न्यायला आलेली बाई तीच चेटकीण. आणि रस्त्यात भेटलेला भविष्य सांगणारा प्रोफेसर तोच जादूगार. हे नट दोन्हीकडे तेच आहेत. पुढे ढकललंत तर मुलाला हे काहीच सापडणार नाही आणि शेवटी डोरोथी अंथरुणात जागी होऊन 'तू पण होतास तिथे' म्हणते तेव्हा ती कोणाशी बोलतेय तेच कळणार नाही.

दार उघडल्यावर एकाच शॉटमध्ये तपकिरीचं रंगीत कसं झालं? तेव्हा काँप्युटर होता का?

नव्हता, आणि म्हणूनच हा शॉट मला इतका आवडतो. तो पूर्ण शॉट रंगीत फिल्मवरच घेतलाय. घराची आतली बाजू, भिंत, दार, सगळं तपकिरी रंगाने रंगवलं. दार उघडणारी मुलगी पाठमोरी दिसते ना, ती जूडी गार्लंड नाहीच, तिच्यासारखी दिसणारी दुसरी मुलगी आहे आणि तिला तपकिरी कपड्यात उभी केलीय. ती दार उघडते, बाहेरचे रंग दिसतात, कॅमेरा पुढे सरकतो, ती बाजूला होते आणि निळ्या चौकड्यांच्या फ्रॉकमधली खरी जूडी पुढे येते. बस. रंगाचा डबा, एक जास्तीची मुलगी आणि वेळेचा हिशोब.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा मुलांना सांगा, हात बघ, बाही बघ. मग ती परत परत मागे नेऊन तो शॉट बघत बसतात, आणि त्यासाठी रिमोट द्यायला माझी काही हरकत नाही.

ज्या घरात उत्सवाच्या नाटकात कोणी काम करतं, पडदे रंगवतं किंवा रंगभूषा करतं, त्या घरातल्या मुलांना हे लगेच पटतं असा माझा अनुभव आहे. फोंड्याकडच्या एका मुलीने पिवळा रस्ता संपतो तिथला डोंगर हा रंगवलेला पडदा आहे हे बरोबर ओळखलं होतं, आणि तिला त्यात फसवणूक वगैरे काही वाटली नाही, उलट 'कित्ती मोठा रंगवलाय' म्हणाली.

किती वयापासून दाखवावा? चेटकिणीला घाबरतील ना?

साधारण सहा वर्षांपासून पुढे, मोठं कोणीतरी शेजारी बसून. पाच वर्षांची पोरंही बघतात पण मग मांडी मोकळी ठेवा.

घाबरतात, हो. हिरव्या तोंडाची चेटकीण, आणि तिच्यापेक्षाही तिची उडणारी माकडं. एक माकडांचा सीन आणि एक वाळूच्या घड्याळाचा सीन, या दोन वेळेला लहान मुलं आईला चिकटतात. पण माझं स्पष्ट मत आहे की एवढी भीती मुलांना झेपते. आपल्याकडे पेडण्यात दशावतार बघायला आलेली भुरगी संकासुर आला की आजीच्या पदरात शिरतात आणि पदरातूनच एक डोळा उघडा ठेवून बघतात, आणि पुढच्या वर्षी परत पहिल्या रांगेत. भीती वाटली म्हणून सिनेमा बंद केला तर ती चेटकीण मुलाच्या डोक्यात तशीच जिवंत राहते. पूर्ण बघितला तर एक बादली पाण्याने तिचं काय होतं ते त्याला कळतं, आणि मग रात्री झोप लागते.

तरी कोणी जास्तच घाबरलं तर चेटकिणीचं काम केलेल्या बाईंची गोष्ट सांगा. त्यांचं नाव मार्गारेट हॅमिल्टन. सिनेमात येण्यापूर्वी त्या बालवाडीत शिकवायच्या! मुलांवर खूप जीव. आपल्याला बघून मुलं घाबरतात याचं त्यांना वाईट वाटायचं, म्हणून १९७५ साली त्या अमेरिकेतल्या फ्रेड रॉजर्स यांच्या लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात साध्या कपड्यात आल्या, मुलांना समजावलं की हा सगळा वेष आहे, आणि तिथेच एकेक करून काळा झगा, टोपी चढवून दाखवली. आम्ही सिनेमा सुरू व्हायच्या आधीच मुलांना हे सांगतो. ज्यांना सांगितलेलं असतं ती मुलं चेटकीण आली की शेजारच्याला 'ही टीचर आहे' म्हणून सांगत बसतात.

वादळाचा सीन बघून आमचा मुलगा विचारतो, आपलंही घर उडेल का?

मे २०२१ च्या तौक्ते वादळात गोव्यात झाडं पडली, कित्येक गावांत दिवसचे दिवस लाईट नव्हती, जरा मोठ्या मुलांना ते आठवतं, आणि लहानांनी घरात ऐकलेलं असतं. त्यामुळे या प्रश्नाला हसू नका, नीट उत्तर द्या.

सिनेमातलं वादळ आणि आपलं वादळ वेगळं. कॅन्ससला येतो तो टोर्नाडो, जमिनीवर गडगडाटी ढगातून सोंडेसारखा खाली उतरतो, रुंदी बहुतेक वेळा काही शे मीटर, आणि काही मिनिटांत खेळ खलास. आपल्याकडचं चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं आणि दिवसचे दिवस चालतं, पण ते येतंय हे हवामान खात्याला आधी कळतं. तिकडच्या घरांना वादळासाठी तळघर असायचं, सिनेमात मावशी आणि काका त्यात उतरून दार लावून घेतात आणि डोरोथी बाहेर राहते, ते दार मुलांना दाखवा, कारण बऱ्याच मुलांना ते लोक कुठे गायब झाले तेच कळत नाही.

आणि मग ते वादळ केलं कसं हे सांगा, भीती तिथेच निम्मी होते. साधारण ३५ फूट लांबीचा मलमलीसारख्या कापडाचा मोज्यासारखा नळा शिवला, वरचं टोक स्टुडिओच्या छताला सरकत्या क्रेनला टांगलं, खालचं टोक जमिनीवर पुढेमागे सरकणाऱ्या गाडीला बांधलं, आणि दोन्ही टोकं हलवत हलवत नळा पिळवटला. धुळीसाठी काय उडवलं माहितेय? मुलतानी माती. हो, आपण चेहऱ्याला लावतो तीच. आधी रबराचा नळा करून बघितला होता पण तो वळेचना, कापडाचा बरोबर वळला. घर आकाशातून खाली पडतं तो शॉट तर अजून सोपा, जमिनीवर आकाश रंगवलं, वरून छोटं खेळण्यातलं घर खाली टाकलं, आणि ती फिल्म उलटी चालवली. आता हे वाचून झाल्यावर परत तो सीन बघा, तरीही छातीत धडधडतंच.

आमच्या मुलाला एवढं इंग्रजी कळत नाही, चौथीपर्यंत मराठी मीडियमला होता.

चालतं. गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांतली बरीच मुलं याच वाटेने येतात, चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोकणी आणि पाचवीला एकदम इंग्लिश, त्यामुळे आमच्याकडे बसणारी निम्मी मुलं शब्दन् शब्द समजणारी नसतातच. गोष्ट आधी मराठीत सांगून ठेवा, बघताना शेजारी बसून अधूनमधून एखादं वाक्य सांगा, प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत बसू नका कारण मग मुलं पडद्याऐवजी तुमच्याकडेच बघतात. सबटायटल्स लावायची तर इंग्लिशच लावा, वाचता येणाऱ्यांना मदत होते. बुजगावणं कसं कोलमडतं, पत्र्याचा माणूस कसा कुरकुरतो, सिंह कसा स्वतःचीच शेपटी धरून डोळे पुसतो, याला कुठलीच भाषा लागत नाही.

पुस्तक आणि सिनेमा सारखेच आहेत का?

नाही, बरेच फरक आहेत, आणि वाचणाऱ्या मुलांना ते शोधायला फार आवडतं.

सगळ्यात मोठा फरक, सिनेमात शेवटी ते सगळं स्वप्न असल्यासारखं दाखवलंय. पुस्तकात ऑझ खराखुरा देश आहे, डोरोथी खरंच जाऊन येते, आणि मावशी-काकांनी तोवर नवीन घरसुद्धा बांधलेलं असतं. मला स्वतःला पुस्तकाचा शेवट जास्त पटतो, मुलांना तर शंभर टक्के. 'म्हणजे सगळं खोटंच?' असं विचारणारं मूल दर वेळी एक तरी निघतंच, त्याला पुस्तकाचं सांगते आणि त्याचा जीव भांड्यात पडतो.

पुस्तकात टोटोला न्यायला येणारी ती खडूस बाई नाहीच, ती सिनेमावाल्यांनी घातली. शेतावरचे गडीही नाहीत. चांगल्या चेटकिणी पुस्तकात दोन आहेत, उत्तरेची वेगळी आणि दक्षिणेची ग्लिंडा वेगळी, सिनेमात दोघींची एकच केली. पाचूनगरी पुस्तकात खरी हिरवी नाही, तिथे शिरताना प्रत्येकाला हिरवा चष्मा लावून कुलूप घालतात म्हणून हिरवी दिसते, ही एवढी भारी कल्पना सिनेमात का घेतली नाही कोण जाणे. पाण्याची बादलीही वेगळ्या कारणाने ओतली जाते, पुस्तकात चेटकीण डोरोथीचा एक बूट हिसकावते म्हणून डोरोथी चिडून ओतते, सिनेमात बुजगावण्याला लागलेली आग विझवताना पाणी चेटकिणीवर उडतं. सिनेमातली डोरोथी कोणावरही मुद्दाम पाणी टाकत नाही, हे मला बरं वाटतं.

आणि पत्र्याचा माणूस मुळात हाडामांसाचा लाकूडतोड्या होता ही पुस्तकातली हकीकत जरा अंगावर येणारी आहे, मंतरलेली कुऱ्हाड त्याचा एकेक अवयव तोडते आणि लोहार तो पत्र्याचा करून देतो. लहानांना वाचून दाखवताना आधी स्वतः वाचून घ्या.

डोरोथीच्या पायातले ते लाल बूट पुस्तकातही लालच आहेत का? एवढे प्रसिद्ध का?

पुस्तकात चांदीचे. सिनेमा टेक्निकलर नावाच्या नव्या रंगीत पद्धतीने काढायचा होता, मग पिवळ्या रस्त्यावर चांदीपेक्षा लाल उठून दिसेल म्हणून माणकांचे केले. प्रत्यक्षात बुटांवर लाल टिकल्या शिवलेल्या. शूटिंगसाठी अनेक जोड केले होते, त्यातला एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. आणखी एक जोड २००५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या म्युझियममधून चोरीला गेला, २०१८ मध्ये एफबीआयने परत मिळवला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये लिलावात सगळे चार्जेस धरून ३.२५ कोटी डॉलरला विकला गेला, म्हणजे पावणेतीनशे कोटी रुपयांच्या आसपास. मोठ्या मुलांना ही चोरीची गोष्ट सिनेमाइतकीच आवडते.

सिनेमात मागे कोणीतरी फाशी घेतलेलं दिसतं असा व्हिडिओ मुलाने बघितला.

साफ खोटं. तो मोठा पक्षी आहे, सेटवर जंगल वाटावं म्हणून मोकळे सोडलेले पक्षी होते त्यातला. जुन्या धूसर व्हिडिओ कॅसेटमुळे ही अफवा वाढली, चांगल्या प्रिंटमध्ये पंख उघडलेले स्पष्ट दिसतात. मुलाला तो सीन चांगल्या प्रिंटमध्ये दाखवून टाका, विषय संपला.

शूटिंगमध्ये कलाकारांचे हाल झाले असं ऐकलं, ते तरी खरं का?

हो, ते खरं आहे, आणि मोठ्या मुलांना सांगायला हवं असं मला वाटतं. पत्र्याच्या माणसाचं काम आधी बडी एब्सन करत होते, चेहऱ्याला ॲल्युमिनियमची पूड लावायचे, ती श्वासातून फुप्फुसात गेली आणि ते हॉस्पिटलात पोचले. त्यांच्या जागी जॅक हेली आले, त्यांच्यासाठी पुडीऐवजी पेस्ट केली. मार्गारेट हॅमिल्टन धुरात गायब होतात त्या सीनला आग वेळेआधी पेटली आणि चेहरा आणि हात भाजले, हिरव्या रंगात तांबं असल्यामुळे तो जखमेवरून घासून काढावा लागला. बऱ्या व्हायला आठवडे गेले, आणि परत आल्यावर आगीचं कुठलंही काम करणार नाही असं त्यांनी सांगून टाकलं. चांगलं केलं.

टेक्निकलरच्या कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन फिल्म चालायच्या, त्याला प्रचंड उजेड लागायचा, त्या लाईटखाली सेट नुसता तापायचा आणि सिंहाचं काम करणारे बर्ट लाहर खऱ्या सिंहाच्या कातड्याच्या जड पोशाखात घामाघूम व्हायचे. मंचकिन, म्हणजे ऑझमधली बुटकी माणसं, त्यांची कामं शंभराहून जास्त कमी उंचीच्या कलाकारांनी केली, आणि पडद्यावर नावं येतात तेव्हा त्यात त्यांची एकेकाची नावं नाहीत, सगळ्यांचा मिळून एकच उल्लेख. हे मला खटकतं. टोटोचं काम करणारी टेरी नावाची कुत्री होती, तिला आठवड्याला १२५ डॉलर मिळायचे, आणि ते त्या कलाकारांच्या हातात पडणाऱ्या पैशांपेक्षा जास्त होते असं सांगतात.

पाचूनगरीतला रंग बदलणारा घोडा कसा केला?

वेगवेगळे पांढरे घोडे आणि त्यांना जेलीच्या पुडीचा रंग. घोडे तो चाटून टाकायचे म्हणून पटापट शूटिंग उरकावं लागायचं.

एवढा चांगला सिनेमा म्हणजे तेव्हा खूप चालला असेल, ऑस्कर वगैरे?

लोकांना आवडला, पण खर्च इतका झाला होता, जवळजवळ २८ लाख डॉलर, की पहिल्या खेपेला स्टुडिओला नफा झाला नाही, तो झाला १९४९ ला परत लावल्यावर. बेस्ट पिक्चरचं ऑस्कर 'गॉन विथ द विंड'ला गेलं, तोही १९३९ चाच आणि गंमत म्हणजे दोन्हींवर दिग्दर्शक म्हणून नाव व्हिक्टर फ्लेमिंग यांचंच. ऑझला दोन ऑस्कर मिळाली, एक संगीताचं आणि एक 'ओव्हर द रेनबो' या गाण्याचं, शिवाय जूडी गार्लंडला बालकलाकाराचं खास ऑस्कर. १९५६ ला तो अमेरिकेत टीव्हीवर लागला आणि नंतर वर्षानुवर्षं लागत राहिला, घराघरात पोचला तो तिथून.

त्या गाण्याचं मात्र सांगायलाच हवं. सुरुवातीचा भाग रेंगाळतो म्हणून स्टुडिओतल्या काही लोकांनी हे गाणं कापायचं ठरवलं होतं, शेतातल्या अंगणात उभी राहून मुलगी गाते कशाला, असा त्यांचा आक्षेप. निर्मात्यांकडचे लोक अडून बसले म्हणून ते राहिलं. तो कॅन्ससचा भाग शूट करणारे किंग विडॉर, कारण फ्लेमिंग तोवर दुसऱ्या सिनेमावर गेले होते, आणि विडॉर यांचं नाव पडद्यावर कुठेच नाही. म्हणजे आज जो भाग लोक पुढे ढकलायला निघतात त्याच भागात हे गाणं आहे, आणि तेव्हाही कापाकापीची तलवार त्याच भागावर होती.

मोबाईलवर दाखवला तर चालेल?

दुसरं काही नसेल तर चालेल, पण टीव्हीवर दाखवता येत असेल तर टीव्हीवरच दाखवा, खोलीत अंधार करून आणि सगळे मिळून. मोबाईलवर मूल एकटं बघतं, बोट स्क्रीनवरच असतं आणि पहिल्या पाच मिनिटांतच ते पुढे सरकतं. गावात देवळाचा हॉल किंवा शाळेचा प्रोजेक्टर मिळत असेल तर उत्तम, भिंतीवर पांढरी चादर ताणून बांधली तरी काम होतं. दाखवायची प्रत मात्र अधिकृत घ्या, उगाच टेलिग्रामवरची घेऊ नका, तिथल्या प्रिंटमध्ये तपकिरी भाग कधी नुसता करडा असतो आणि रंगही उडालेले असतात.

पावसाळ्यात दाखवणार असाल तर लाईट जाणार हे धरूनच चाला. लाईट गेली की आम्ही मुलांना विचारतो, तू असतास तर जादूगाराकडे काय मागितलं असतंस? लाईट यायला अर्धा तास लागला तरी कोणी जागचं हलत नाही. इंटरव्हल घ्यायचाच तर पाचूनगरीत पोचल्यावर घ्या, चणे-लाडू, चहा, काय असेल ते तेव्हा वाटा. वादळाच्या आधी आणि दार उघडण्याच्या आसपास कोणीही खाऊ वाटू नये, ही आमच्याकडे सगळ्या आई-मावश्यांना हात जोडून विनंती असते.

आमच्या मुलीने 'विकेड' बघितलाय, आता हा बघून काय उपयोग?

खूप उपयोग. २०२४ आणि २०२५ ला आलेले 'विकेड'चे दोन सिनेमे या चेटकिणीची आधीची गोष्ट सांगतात. ती गोष्ट १९९५ च्या एका कादंबरीतून आणि त्यावरच्या २००३ च्या ब्रॉडवे नाटकातून आलीय, बॉमची नाही. ज्या मुलींनी 'विकेड' आधी बघितलाय त्या इथे चेटकिणीच्या बाजूने असतात आणि बादलीच्या सीनला चक्क रागावतात, मग घरी त्यावरून जेवणाच्या ताटावर वाद. होऊ दे वाद. पण धाकट्याला अजून काहीच दाखवलेलं नसेल तर आधी १९३९ चा दाखवा, मग 'विकेड'.

मूळ पुस्तक कुठे मिळेल?

बॉम १९१९ साली वारले, पुस्तक केव्हाच कॉपीराइटमुक्त झालंय, त्यामुळे इंग्रजीत इंटरनेटवर कायदेशीररीत्या फुकट मिळतं, डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो यांच्या मूळ चित्रांसकट असलेली प्रत शोधा, ती चित्रं फार सुंदर आहेत. छापील हवं असेल तर पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात मुलांचा विभाग आहे, तिथे विचारा.

एकूण चोवीस प्रकरणं आहेत आणि छोटी छोटी आहेत. रात्री जेवणं झाल्यावर एक प्रकरण तुम्ही इंग्रजीत वाचायचं आणि तिथल्या तिथे आपल्या मराठीत सांगायचं, अडलं तर पुढचा शब्द मुलांना विचारायचा. ऑझची एकूण चौदा पुस्तकं बॉमने लिहिली, तेव्हा पहिलं संपल्यावर 'पुढे काय' विचारलं तर तेरा शिल्लक आहेत.